पाचवा टेक

लाल गाडी डावीकडून उजवीकडे पळत होती आणि मध्येच एका शॉटमध्ये उजवीकडून डावीकडे आली. संकलनाच्या टेबलावर बसलेल्या ताईने तो शॉट उचलून बाजूला टाकला.

"अगं, झकास होता की!" मागे उभा असलेला दिग्दर्शक म्हणाला.

"झकास आहे, पण बघणाऱ्याला वाटेल गाडी माघारी फिरली. पाठलागात दिशा एकदा ठरली की ठरली. पुढचा उजवीकडे पळाला तर मागच्यानेही उजवीकडेच पळायचं. नाहीतर दोघं समोरासमोर येऊन धडकणार असं वाटतं."

'धडकणार' हा शब्द तोंडातून गेला आणि ताईने जीभ चावली.

गाडी चालवणारा ताईचा धाकटा भाऊ होता. हिरोचा चेहरा दिसायचा, चाकावरचे हात याचे असायचे. पाच आठवड्यांपूर्वी, पाचव्या टेकला, गाडी पुलाच्या खांबावर आदळली आणि तो जागच्या जागी गेला.

चौकशीच्या अहवालात एकच ओळ होती: 'चालकाने स्वतःच्या हट्टाने जादा टेक घेतला.' झालं! पट्टा लावल्याशिवाय कधी किल्ली न फिरवणारा माणूस मेल्यावर हट्टी ठरला. त्याची बायको रोज फोन करायची. "ताई, खरंच असेल का हो असं? आमचा विचारसुद्धा आला नसेल का त्यांच्या मनात?" अहवालावर उद्या सह्या होणार होत्या. मग ती ओळ कायमची.

म्हणून तर तिने हा सीन दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिला नव्हता. दिग्दर्शकाने परोपरीने विनवलं होतं, "तू नको बसूस यावर, दुसऱ्या संकलकाला देतो." तो जितका नको म्हणाला तितका तिचा संशय बळावला. चौथा टेक चांगला झाला होता. मग पाचवा मागितला कुणी? याच्याशिवाय कोण मागणार! अजून धूर हवा, अजून आवाज हवा, अजून एक घेऊ. याची हाव ती वीस वर्षं बघत आली होती.

ती पुन्हा कामाला लागली. जवळच्या शॉटमध्ये हात चाक वळवायला लागतात, लांबच्या शॉटमध्ये गाडी वळते. त्या वळण्यातच कापायचं, म्हणजे जोड दिसत नाही. चार दिवसांचं शूटिंग, शंभर तुकडे, आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की सगळं दोन मिनिटांत घडलं. ऊन, घाम, बाही, खिडकीची काच, एक गोष्ट इकडची तिकडे झाली की सगळं पितळ उघडं. या बाबतीत ताई कुणाच्या बापाला ऐकायची नाही. टेबलावरून रोज वीस-पंचवीस चिठ्ठ्या सेटवर धाडायची आणि निम्म्या दिग्दर्शक खिशात कोंबायचा. युनिटमध्ये तिला 'परीक्षक बाई' म्हणायचे. हे नाव ठेवलं होतं धाकट्यानेच. "ताई, माझे कान तरी जुळतात ना कालच्या शॉटशी?" असं भर जेवणात विचारायचा मेला.

छातीवर दगड ठेवून तिने पाचवा टेक लावला. आदळण्याआधीचे सहा सेकंद फक्त. आधीच्या शॉटला तो असा बसला की जोड कुठे आहे ते तिचं तिलाही दिसेना. मोजून दिल्यासारखा. ताईला रडूच फुटलं. शहाण्या, शेवटचं कामही किती चोख करून गेलास रे!

डोळे पुसून तिने विचारलं, "याचा आवाज कुठाय?"

"मशीन बिघडलं होतं," दिग्दर्शक खाली बघत म्हणाला.

वीस वर्षांत ते मशीन कधी बिघडलं नव्हतं. ताई उठली आणि तरातरा समोरच्या खोलीत गेली. म्हातारे साउंडवाले काका चहा पीत बसले होते.

"काका, मला पाचव्या टेकचा आवाज हवाय. टेक सुरू व्हायच्या आधीपासूनचा."

काकांनी कप खाली ठेवला. "पोरी, जाऊ दे ना."

"उद्या माझ्या भावाच्या नावाला डाग लागेल तो जन्मभर निघायचा नाही. हात जोडते तुम्हाला."

"काका, देऊ नका!" दिग्दर्शक दारात येऊन उभा होता.

"बघितलंत? आणि म्हणे मशीन बिघडलं होतं!"

"ताई, ऐक माझं. टेक मी मागितला. मी लिहून देतो, उद्या सगळ्यांसमोर सांगतो. त्याचं नाव खोडून माझं घालू दे. पण तू ते ऐकू नकोस."

"आज सुचलं? पाच आठवडे तोंड शिवलं होतं तुझं?"

काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि हेडफोन तिच्या पुढ्यात सरकवले. ताईने हेडफोन कानाला लावले. आता पकडलाच तुला, असं तिच्या मनात आलं.

आधी वारा ऐकू आला. मग दिग्दर्शकाचा आवाज: "अरे बाबा, चौथा ओके केलाय मी. गाडी लाव बाजूला, चल जेवायला."

मग धाकट्याचा, हसरा: "साहेब, एकच अजून. ताईची चिठ्ठी आलीय. कालच्या शॉटमध्ये काच खाली आहे म्हणे, आज वर राहिलीय. जोड बसायची नाही."

"तिच्या अशा ढीगभर चिठ्ठ्या येतात. काचेकडे कोण बघतंय? नको म्हटलं ना!"

"ती बघते ना! डोकं धरून बसेल बिचारी दिवसभर. तिच्यासाठी एक घेऊ, साहेब, एकच."