अण्णांचा भूकंप

पेढा ओठांपाशी आला आणि तनयाला शिसारी आली. दर तीस सप्टेंबरला यायचीच. तिला वाढवणाऱ्या पद्मजाबाईंनी निरांजन ओवाळलं, "हा तुझा दुसरा जन्मच," म्हणाल्या, आणि कर्जतच्या त्या दिवाणखान्यात जवळच्या भिवपुरी-कळंबहून आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या दिवशी सबंध गाव गाडलं गेलं, त्या दिवशी तिचं औक्षण!

मग पद्मजाबाईंचे यजमान, अण्णा, उठले. लातूरकडे भूकंप झाला तेव्हा हे मास्तर मदतीचा ट्रक घेऊन गेले आणि येताना पाच वर्षांची ही अनाथ पोर घेऊन आले. त्यांचा भूकंप दरवर्षी थोडा वाढायचा. पहिल्या वर्षी त्यांनी तिला एका पडक्या भिंतीआडून उचललं होतं. आता ते नखं मोडेपर्यंत ढिगारा उपसत होते. बायका डोळे पुसत. तनयाला त्या पदरांचीही किळस यायची.

"तुला काय आठवतं गं?" कुणी विचारलंच तर ती "काही नाही" म्हणायची. लहानपणी एकदा सांगू पाहिलं होतं. "तापात दिसलं असेल," म्हणून अण्णांनी तिला गप्प केलं. मग ती खाल्ल्या मिठाला जागत राहिली.

यंदा अण्णांनी नवी टूम काढली. तिचा दहा वर्षांचा ओजस शाळेत हीच हकीकत सांगणार होता. आज रंगीत तालीम. भाषण अर्थात अण्णांनीच लिहिलेलं. ओजसनं घसा खाकरला.

"माझ्या आईचं या जगात कुणीच उरलं नव्हतं. तेव्हा अण्णाआजोबा..."

तनया उठली. आपण तीस वर्षं गिळलं ते गिळलं. आता पोराच्या तोंडी तेच. तिनं त्याच्या हातातला कागद काढून घेतला.

"हे नाही बोलायचं."

"अगं, पाठ केलंय त्यानं," अण्णा हसत म्हणाले. "तुला तर काही आठवतही नाही."

"सगळं आठवतं. तुम्ही आलात तेव्हा भूकंपाला चार दिवस झाले होते. मी ढिगाऱ्याखाली नव्हते, झाडाखाली बसले होते. 'हितून हलू नको' म्हणून माझी आई टँकरच्या रांगेत गेली होती. मी तुम्हाला ती बोटानं दाखवलीसुद्धा. ती घागर भरायला वाकली, अण्णा, आणि तुम्ही मला उचलून ट्रकमध्ये घातलंत."