चौथं शील

दारात नत्थूजी दिसले तसे रुपरावांनी दोन्ही हात चादरीखाली घेतले. सलाइनची नळी ताणली गेली. त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी ती सोडवली आणि पदर सावरून उभ्या राहिल्या.

"जय भीम, इवाई. बसा वं बाई, मी काय पाहुणा हावो?"

होणारे व्याही म्हणजे पाहुणेच, दुसरं काय! अपेक्षाचं लग्न त्यांच्या जितेंद्रशी ठरलं होतं, पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि मुलीचा बाप पोट धरून धंतोलीच्या दवाखान्यात आडवा झाला होता. बातमी कळल्याबरोबर हा माणूस हिंगण्याहून मोटारसायकलनं धावत आला. याला जिव्हाळा म्हणावा की चौकशी, हे काही प्रेमिलाबाईंना कळेना.

रुपरावांना आमवात होता. वर्षानुवर्षं रोजची गोळी. तिच्या जोरावर ते हिंडत-फिरत होते, फक्त बोटं तेवढी वाकडी झाली होती. त्या बोटांनीच अपेक्षाचं आधीचं स्थळ मोडलं. चहाचा कप घेताना पाहुण्यांनी बोटं बघितली, रोगाचं नाव विचारलं आणि घरी जाऊन निरोप पाठवला, की हे रक्तात असतं, उद्या पोरीलाही होईल. पोरगी चांगली धडधाकट, पण बापाच्या बोटांपायी घरी बसली. नत्थूजींकडच्या बैठकीला रुपराव कोटाच्या खिशात हात घालूनच बसले. माणूस जरा अकडू दिसतो, असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे!

डॉक्टर आत आले. "काका, स्वादुपिंडाला सूज आहे. पित्ताचे खडे तर दिसत नाहीत. मग खरं सांगा, दारू घेता?"

प्रेमिलाबाई भडकल्याच. "दारू? अवो डॉक्टरसाहेब, जरीपटक्याच्या विहारात पंचशील हेच म्हणून घेतात लोकायकडून! यायच्या धाकानं आमच्या गल्लीतल्या वरातीत कोणी पिऊन नाचत नाही."

नत्थूजी खुर्चीत पुढे सरकले. "दारूशिवाय नाही होत का जी हे? गोळ्या-औषधानं? म्हणजे, समजा, वाताच्या गोळीनं?"

प्रेमिलाबाईंनी चटकन चादरीकडे पाहिलं. यांनी बोटं पाहिली की काय?

"होऊ शकतं," डॉक्टर म्हणाले. "क्वचित, पण होतं. काका, अशी काही गोळी सुरू आहे का?"

नत्थूजी आता थेट रुपरावांकडे बघत होते. पापणीही हलत नव्हती.

"गोळी कायची?" रुपराव म्हणाले. "मी दारू पेतो."

"अवो, काय बोलून राहिले तुम्ही?"

"तू चूप राय वं. हिले माहीत नाही, डॉक्टरसाहेब. मी चोरून पेतो. लई वर्षं झाली."

"पक्कं ना, इवाई?" नत्थूजींनी विचारलं. "दारूच ना? गोळी-बिळी काही नाही?"

"दारूच."

"मग प्रश्नच मिटला," डॉक्टर म्हणाले. "वाताच्या गोळीनं झालेला पेशंट मी तर अजून पाहिला नाही. दारूवाले मात्र रोज येतात." मग त्यांनी रुपरावांना चांगलं झापलं. उभ्या जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. नत्थूजी चहाचं निमित्त करून बाहेर पडले.

डॉक्टरही गेले तशा प्रेमिलाबाई रडायलाच लागल्या. "काहून असं बोलले जी? उद्या विहारात काय तोंड दाखवाल?"

"दारुड्याची पोरगी लोक करून घेतात वं, रोग्याची नाही घेत. पाचवं शील, दारूले न शिवायचं, आपण जन्मभर पाळलं. आज पोरीपायी चौथं मोडलं, खोटं न बोलायचं. मोडू दे."

आता या माणसावर रागवावं तरी कसं? प्रेमिलाबाईंनी डोळे पुसले, डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं आणि खरं काय ते सांगून टाकलं.

डॉक्टर चपापले. "बरं झालं बोललात. मग बहुतेक गोळीनंच झालंय. ती आजपासून बंद, आमवातावर दुसरं काही बघू. आणि आई, पोट दुखत असताना काका ती घेतच राहिले असते ना, तर जिवावर बेतलं असतं."

"त्या पाहुण्यायले नका सांगू जी. पोरीचं लग्न हाय."

"पेशंटची गोष्ट मी कोणाला सांगत नाही."

त्या खोलीत परत आल्या तर नत्थूजी रुपरावांच्या खाटेवरच बसलेले. चेहरा असा मोकळा, की मघाचा माणूस हाच का, असं वाटावं.

"इवाई, माणूस हाय, होते चूक. आता सोडा म्हणजे झालं. लग्न ठरल्या तारखेलेच होईल. अपेक्षा आमची सून नाही, पोरगीच हाय."

रुपरावांना हात जोडायचे होते. त्यांनी ते चादरीखालीच जोडले. डोळ्यांतलं पाणी मात्र लपवता आलं नाही, आणि प्रेमिलाबाईंनी तर लपवायचा प्रयत्नही केला नाही. किती दिवसांनी जीव भांड्यात पडला होता.

नत्थूजी खाली उतरले. गाडीपाशी येऊन त्यांनी आधी मुलाला फोन लावला.

"हॅलो, जितू? काय म्हणते पोट? अजून दुखूनच राहिलं? आयक, मी डॉक्टरले समोरासमोर विचारून आलो. इवायाले दारूनं झालं. तू तर दारूले शिवत नाही, मंग तुले कायचं भेव? तुह्या आमवाताच्या गोळीचा काही दोष नाही बेटा. बंद केली ना तू, ते आजपासून पुन्हा सुरू कर."