देवदाराला टेकू नये

"हे जॅकेट फोटोत पाठमोरं चालणार नाही," श्यामसुंदर म्हणाले. "पाठीवर 'बिबवेवाडी' लिहिलंय."

"मग पाठ दाखवता कशाला साहेब? समोरून हसा," काउंटरवरचे मकबूलभाई म्हणाले. त्यांच्या स्नो पार्कमध्ये जॅकेट, बूट, हातमोजे आणि सल्ला, सगळं तिकिटातच मिळे.

पद्मजाबाई हसण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. कोथरूडच्या सोसायटीनं गेल्या आठवड्यात दोघांना नारळ देऊन काश्मीरला रवाना केलं होतं. स्वारगेटला टूरवाल्यांच्या बसपाशी श्यामसुंदरांच्या लक्षात आलं, की संध्याकाळचा चहा सहलीत धरलेला नाही. त्यांनी वाद घातला आणि बुकिंग रद्द केलं. तत्त्व राहिलं, काश्मीर गेलं. तेव्हापासून दोघं इथेच बिबवेवाडीत, पद्मजाबाईंच्या नणंदेकडे लपून होती.

"उद्या भिशी आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. "कुसुमताई एकेक फोटो मोठा करून बघतात. स्वतः मागच्या मे महिन्यात स्वित्झर्लंड करून आल्यात. त्यांना कळलं तर मला जिन्यातून वर मान करून चालता यायचं नाही."

"पण तत्त्व म्हणून..."

"अहो, तुम्ही तत्त्वाचं नाव काढू नका."

मकबूलभाईंनी कारण विचारलं नाही. मोबाइल घेऊन ते स्वतःच आत आले.

"डावीकडे सरका ताई, पंखा येतोय. आणि तो पेंग्विन सोडा, काश्मीरला नसतो. आता देवदारापाशी उभ्या राहा. टेकू मात्र नका."

प्लास्टिकचा देवदार एका अंगाला कलला होता. हिरव्या दोरीनं त्याला पाइपाशी बांधून ठेवलं होतं. पद्मजाबाईंनी दोरीपुढे मफलर धरला आणि एकदाच्या हसल्या.

बाहेर कॅन्टीनमध्ये दोघांनी काश्मिरी चहा, म्हणजे कहवा मागितला.

"चहात दालचिनी घालून देतो," मकबूलभाई म्हणाले. "तिकिटात धरलाय."

श्यामसुंदरांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिशीत फोटो हातोहात फिरले. "बाई, काय हा बर्फ!" "नाक बघा कसं लाल झालंय!" मग मोबाइल कुसुमताईंकडे गेला. त्यांनी चष्मा लावला. दोन बोटांनी देवदार मोठा केला. मग आणखी मोठा केला. बर्फात गार पडले नव्हते तेवढे पद्मजाबाईंचे हात आता पडले.

"छान आहे हो," कुसुमताई अखेर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "काश्मीर ते काश्मीरच."

पद्मजाबाईंचा जीव भांड्यात पडला. बशा उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग कुसुमताईही आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मकबूलभाईंनी झाड बदललंच नाही वाटतं," त्या हळूच म्हणाल्या. "मी टेकले होते, तेव्हा 'लगेच नवीन आणतो' म्हणाले होते."