चालत येणारा मुलगा

एकोणीसशे एकावन्न सालचा तो उन्हाळा. धाकटी प्रार्थनाघराच्या भिंतीसमोर शिडीवर बसलेली असे आणि तिची मावशी खाली बाकावर.

धर्मग्रंथातली, घर सोडून गेलेल्या आणि पुन्हा परतलेल्या मुलाची गोष्ट धाकटीला भिंतीवर चितारायची होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नुसतं बघत बसावं, मन आपोआप देवापाशी जाईल, असं काम देताना सांगितलं होतं. दारात वाट बघणारा बाप, टेकडीवरून उतरणारा लांबच लांब पांढरा रस्ता आणि त्याच्या पार टोकाला तिळाएवढा मुलगा.

मावशीचा नवरा जहाजावर गेला तो परतलाच नव्हता. धाकटी तिच्याकडे राहायला आली ती त्यानंतर. काकांना तिनं फोटोतच पाहिलेलं.

दुपारी वरच्या खिडकीतून ऊन भिंतीवर उतरे, रंगाचा ओला वास दाटे आणि त्या उन्हात रस्ता हळूच हलल्यासारखा वाटे. मावशी त्या तिळावर नजर लावून पुटपुटत राही. तिचा डावा हात कोपरातून सरळ होत नसे. "जिन्यावरून पडले," एवढंच ती सांगे.

"अजून बराच लांब आहे, नाही का गं?" एकदा तिनं विचारलं.

मावशी गेल्यावर धाकटीनं मुलगा खरवडला आणि थोडा अलीकडे काढला. मग हे रोजचंच झालं.

घंटा वाजवणाऱ्या आजोबांच्या ते लक्षात आलं. "बाई, तुमचा पोरगा चालतोय की काय? या बेतानं रविवारी प्रवचनाला येऊन बसेल."

"बसू दे. तुम्ही तर झोपताच," धाकटी शिडीवरून म्हणाली.

"डोळे मिटून ऐकतो मी."

मावशी हसली नाही. ती आता लवकर येई आणि उठता उठत नसे. घरी तिनं दाराला नवी भक्कम कडी बसवून घेतली. काका यायच्या आधी डागडुजी चाललीय, असं धाकटीला वाटलं आणि तिचा कुंचला आणखी भरभर चालू लागला.

शेवटी मुलगा बापाच्या मिठीत पोचला. त्या दिवशी मावशी रडली. तिला बघून धाकटीही रडली.

काका आले नाहीत. दूरच्या कुठल्याशा बंदरात तापानं गेल्याचं पुढे कळलं. आजोबा लेकीकडे राहायला गेले, तिथेही म्हणे डोळे मिटूनच ऐकत राहिले. धाकटीनं लग्न केलं, गावोगावच्या भिंती रंगवल्या. मावशी अंगानं भरली, गुणगुणायला लागली, चांगली पिकून म्हातारी झाली.

तिच्या अखेरच्या आजारात धाकटी उशाशी बसली होती. इतकी वर्षं मनात राहिलेलं बोलून गेली, "देवानं तुझं तेवढं एक ऐकलं नाही, मावशी."

"ऐकलं की," मावशी म्हणाली. "पण तू त्याला रोज ओढून जवळ आणायचीस. मग मला दुपारभर बसून पुन्हा लांब ढकलावं लागायचं."