कवच कडक होईपर्यंत

समुद्रात शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, वाढवायच्या पेट्या आखण्यात त्याची हयात गेली होती. प्रत्येकीला वेगळा कप्पा हवाच, कारण कात टाकल्यावर तिचं अंग लोण्यासारखं मऊ होतं आणि शेजारीणच तिचा फडशा पाडते. वरच्या भोकातून खाणं सोडायचं, पण कवच कडक होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हे कामगारांना सांगून सांगून त्याचा घसा बसायचा.

नवऱ्याचं घर कायमचं सोडून आलेल्या लेकीने खोलीचं दार लावून घेतलं, तेव्हा त्याने घरातही तोच नियम लावला. बायको दाराकडे निघाली की तो आडवा यायचा. "काही विचारायचं नाही. आत्ता नाही." ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि मागे फिरायचं. बायको स्वयंपाकघरात परतायची, येरझाऱ्या मात्र हाच घालायचा.

आज ताट ठेवताना त्याला राहवलं नाही. "दार कधी उघडशील गं?"

"कडी लावलीच नाहीये, बाबा," आतून रडवेला आवाज आला. "कुणी आत येईचना. मला वाटलं, मी परत आलेलं तुम्हाला आवडलं नाही."