निरोपाचा कार्यक्रम

ठोक्याने पडदा बोटभर सरकवून बाहेर पाहिलं. माणसं पहिल्या दोन रांगांतच संपली होती. मागच्या खुर्च्या आ वासून बसल्या होत्या.

"भरलंय का?" मागून भोंग्याने विचारलं. आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आला.

"येतायत अजून," ठोक्या म्हणाला. ड्रमवर कधी न चुकणारा त्याचा ठेका खोटं बोलताना हमखास चुकायचा.

चौघांनी कॉलेजात रॉक बँड काढला तेव्हा सगळ्यांना केस होते. पुढे ठोक्याने टाइल्सचं दुकान टाकलं, गिटारवाला वकील झाला, बेसवाला विमा कंपनीत चिकटला. गाणारा भोंग्या ड्रायव्हिंग शिकवायचा, आणि त्याच्या ओरडण्यानेच शिकणाऱ्यांचा पाय क्लचवरून सुटायचा. गायची तर स्वतःचीच गाणी, हा हट्ट मात्र एकानेही सोडला नाही. त्यामुळे ऐकणारेही बहुतेक घरचेच राहिले.

मग बेसवाल्याची बदली झाली, आणि त्यांनी अगदी मनापासून निरोपाचा कार्यक्रम केला. सभागृह खच्चून भरलं. ज्यांनी त्यांचं एकही गाणं कधी ऐकलं नव्हतं तेही रुमाल काढून रडले. वर्षभरात बदली रद्द झाली. त्यानंतरच्या साध्या कार्यक्रमाला काळं कुत्रं फिरकलं नाही. तेव्हा पुन्हा एकदा निरोप घेऊ, असं आधी कोण म्हणालं यावर चौघांत अजून वाद आहे. सभागृह पुन्हा भरलं. मग चटकच लागली. गर्दीची आठवण आली की निरोप. हळूहळू लोक हसायला लागले, आणि मग हसायलाही येईनासे झाले.

यंदाचा निरोप खरा होता. सोमवारी भोंग्याच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. गाणं तर सोडाच, साधं 'पाणी दे' म्हणायलाही आवाज उरणार नव्हता.

भोंग्याने शेवटचं गाणं भरल्या सभागृहात गावं, एवढंच ठोक्याला हवं होतं. आठवडाभर तो दुकानातून फोन करत होता. "या वेळी खरंच शेवटचा," तो सांगायचा. "मागच्या वेळीही खरंच होता की," लोक म्हणायचे. सख्ख्या मेहुण्यानेही त्याला 'लांडगा आला रे आला' ऐकवलं. दारावरचा तिकीटवाला तर म्हणाला, "काका, तुमचा निरोप म्हणजे आमच्या सासूबाईंचं निघणं. चपला घालून तासभर दारातच."

ऑपरेशनचं कोणाला सांगायचं नाही, अशी भोंग्याची ताकीद होती. "गाणं ऐकायला येतील ते येऊ देत. समाचाराला आलेली माणसं मला समोर नकोत."

पडदा उघडला. भोंग्या गायला लागला. आवाज मध्येच फाटत होता, आणि वय झालं बिचाऱ्याचं, असं समोरच्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. कोणी जांभई दिली, कोणी मोबाइल काढला. पहिल्या रांगेत भोंग्याची मुलगी ताठ बसून होती. तिला सगळं माहीत होतं.

शेवटच्या गाण्याआधी ठोक्याला राहवलं नाही. काठ्या खाली ठेवून तो माइकपाशी गेला. "मंडळी, एक सांगायचंय. हा कार्यक्रम खरोखरच..."

भोंग्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच त्याला मागे वळवलं. "जा. ठेका धर."

ठोक्याने ठेका धरला. ज्या चढ्या ओळीने कॉलेजात त्याचं नाव भोंग्या पडलं होतं, ती ओळ आली. भोंग्याने तोंड उघडलं, नुसती हवा आली. ती ओळ वकिलाने गिटारवर वाजवून टाकली. गाणं संपलं. टाळ्या पडल्या, घरच्या चार माणसांनी वाजवाव्यात तशा.

दुसऱ्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "काका, पुढचा शेवटचा कार्यक्रम कधी?"

सगळे हसले. मुलीने मान खाली घातली. ठोक्याने काठ्या घट्ट आवळल्या. भोंग्याने दोन्ही हातांनी माइक धरला, उरलासुरला आवाज गोळा केला, आणि रिकाम्या खुर्च्यांवरून शेवटपर्यंत नजर फिरवली.

"पुढच्या वर्षी," तो हसत म्हणाला. "पण लवकर या हं. नंतर जागा मिळत नाही."