गच्चीवरचं तापमान

अकरा वर्षं बर्फाळ मुलूख पालथा घालून आलेल्या बाई आता गावात नव्यानेच सुरू झालेल्या वेधशाळेच्या प्रमुख होत्या. तिकडच्या तापमानाशी ताडून बघायला त्यांना इकडच्या त्याच वर्षांच्या नोंदी हव्या होत्या आणि त्या कुठेच मिळेनात. शेवटी नवऱ्याने माळ्यावरून अकरा वह्या काढून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. घराच्या गच्चीवरची, रोज दुपारी बाराची नोंद.

"अहो, तुम्ही कधी शास्त्रज्ञ झालात?"

"तुम्ही एक थर्मामीटर घरीच विसरून गेलात, बाईसाहेब. म्हटलं, नुसतं पडून राहण्यापेक्षा वापरावं."

बाईंनी चष्मा चढवून पान न् पान तपासलं.

"काम चोख आहे. पण अकरा वर्षांत चार खाडे! हे चार दिवस कोरे कसे?"

"त्या चार दिवशी तुमची पत्रं आली होती."